ओसरीवरून : कुठे उतरलात?

परगावी गेलेला मनुष्य मराठीत तेथे नुसता राहत नाही, तो तेथे ‘उतरतो’. घोड्यावरून उतरण्याच्या काळातले हे क्रियापद छकड्याच्या काळात टिकले, आगगाडीच्या काळात टिकले, आणि आता विमानातून बाहेर पडणाऱ्यालाही आपण तेच लावतो. ‘कुठे उतरलात?’ हा आपला पहिला प्रश्न. मात्र हा प्रश्न विचारणाऱ्या आपल्या वाडवडिलांना उत्तरात एखाद्या इमारतीचे नाव अपेक्षित नसे, माणसाचे नाव अपेक्षित असे. ‘मामांकडे’, ‘थोरल्या नणंदेकडे’, ‘आमच्या गावच्या वकिलांकडे’ असे उत्तर आले की विचारणाऱ्याला पाहुण्याचे गोत, गाव, ऐपत आणि रात्रीच्या जेवणाची सोय एवढे सगळे एका दमात कळून जाई.

अलीकडे या प्रश्नाला हॉटेलचे नाव सांगण्याचा प्रघात पडला आहे. त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही आहे काय, आणि असल्यास ते नेमके कोणाला वाटावे, हा या महिन्याच्या ओसरीवरचा विषय.

आम्हां आदिलाबादकरांना, किंवा जुन्या मंडळींच्या तोंडी अजून असलेल्या नावाने एदलाबादकरांना, हा विषय जरा जवळचा आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आम्ही निजामाचे प्रजाजन. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा याच जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले, आणि आम्ही पैनगंगेच्या अलीकडे आंध्र प्रदेशात राहिलो. २०१४ साली तेलंगण झाले, २०१६ साली एका जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. नकाशे बदलत राहिले, परंतु कामाची वाट बदलली नाही. लग्नकार्याला नदीपलीकडे जायचे आणि कोर्टकचेरी, दवाखाना, मुलांचे शिक्षण यांसाठी सुमारे तीनशे किलोमीटरवरच्या हैदराबादेला जायचे, हा आमच्या घरांचा दोन पिढ्यांचा नेम आहे.

त्या काळी हैदराबादेला जाणे म्हणजे एक लोखंडी ट्रंक, एक वळकटी आणि दशम्यांचा डबा. मुदखेडला गाडी बदलायची आणि काचीगुडा स्टेशनावर पाय ठेवायचा. तेथून काचीगुडा, सुलतान बाजार, गौळीगुडा या भागांतल्या मराठी घरांपैकी एखादे घर गाठायचे. १९०७ साली निघालेल्या विवेकवर्धिनीत शिकायला आलेली कितीतरी मुले अशा घरांच्या माजघरात वाढली. कोणी वार लावून जेवत, कोणी घरातल्या लहान मुलांना गणित शिकवून त्या बदल्यात पथारी मिळवीत. पत्र आधी गेले असले तर उत्तम. नसले तरी दार उघडत असे, आणि आतून पहिला शब्द येई तो ‘पाणी तापलंय, आधी हातपाय धुवा’ असा.

ज्याला असे घर नव्हते त्याचीही काही व्यवस्था होती. गोवळकोंड्याजवळ शेखपेठेला कुतुबशाही काळातली दुमजली सराय अजून उभी आहे. वाटसरूंसाठी खोल्या, घोड्याउंटांसाठी तबेले आणि शेजारी मशीद अशी तिची रचना. व्यापाऱ्यांचे तांडे जेथे उतरत त्या वस्तीला हैदराबादेत आजही ‘कारवान’ म्हणतात. नामपल्ली स्टेशनासमोर सातव्या निजामाच्या अमदानीत रेल्वेच्या उतारूंसाठी सराय बांधली गेली. आपल्या बाजूला पाहिले तर अहिल्याबाई होळकरांनी देशभरच्या तीर्थांत धर्मशाळा उभ्या केल्या, आणि विसाव्या शतकात गाडगेबाबांनी स्वतः झोपडीत राहून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे गरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधविल्या. राजाने बांधली काय, राणीने बांधली काय किंवा खापर हाती घेतलेल्या साधूने बांधली काय, वाटसरूला रात्री आडोसा मिळावा ही त्यामागची भावना एकच होती. त्या आडोशाचे मोल त्याच्याकडून वसूल करण्याचा विचार तीत नव्हता.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. गेल्या हिवाळ्यात आम्हां उभयतांच्या विवाहाला पन्नास वर्षे पूर्ण झाली. मुले पुण्याला आणि बंगळूरला असतात. त्यांनी आपसांत ठरवून हैदराबादच्या फलकनुमा महालात आमच्यासाठी एका रात्रीची खोली परस्पर राखून ठेवली आणि मग आम्हाला कळविले. आमच्या सौभाग्यवतींनी भाड्याचा आकडा विचारला. मुलांनी तो सांगितला नाही, यावरून तो किती अंकी असावा याचा अदमास आम्ही बांधला.

फलकनुमा म्हणजे आकाशाचे दर्शन घडविणारा, आकाशाचा आरसा. चारमिनारच्या दक्षिणेला एका टेकडीवर हा महाल आहे. सहाव्या निजामाचे मेहुणे आणि पुढे राज्याचे दिवाण झालेले पायगा घराण्यातले नवाब विकार-उल-उमरा यांनी १८८४ साली त्याचा पाया घातला. इटालियन संगमरवर, रंगीत काचांची तावदाने, कोरीव लाकडी छत, विंचवाच्या आकृतीचा आराखडा. बांधकामाला कित्येक वर्षे लागली आणि एवढा खर्च झाला की नवाब कर्जाच्या ओझ्याखाली दबले असे सांगतात. अखेर निजाम महबूब अली खान यांनी हा महाल विकत घेतला. १९११ साली त्यांचा अंतही येथेच झाला. पुढे तो दरबारी पाहुण्यांचे अतिथिगृह म्हणून वापरात राहिला. नंतर पंचम जॉर्ज या नावाने गादीवर बसलेले इंग्लंडचे युवराज १९०६ साली येथे उतरले होते, आणि १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद येथे पाहुणे होते. त्यानंतर महालाची दारे बंद झाली आणि अनेक दशके बंदच राहिली. २००० सालापासून ताज समूहाने, आठव्या निजामाच्या पूर्वपत्नी राजकुमारी एसरा यांच्या देखरेखीखाली, जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले. सुमारे दहा वर्षे ते चालले, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये साठ खोल्यांचे हॉटेल म्हणून महाल पुन्हा उघडला.

व्यवस्था अशी की पाहुण्याची मोटार खालच्या दरवाज्याशी थांबते आणि वरपर्यंत घोड्यांच्या बग्गीतून नेतात. पायऱ्या चढताना वरून गुलाबपाकळ्यांचा वर्षाव होतो. आमच्या सौभाग्यवतींनी पदर सावरून वर पाहिले आणि हळूच म्हणाल्या, ‘अहो, एवढं आपल्या लग्नातही झालं नव्हतं.’ ते खरे होते. १९७० च्या दशकातल्या आमच्या लग्नात अक्षता पडल्या होत्या, त्याही ज्वारीच्या.

खोलीचे वर्णन करण्यात शब्द खर्चीत नाही. मऊ ते सर्व मऊ होते, गार ते गार आणि ऊन ते ऊन. सायंकाळी महाल दाखवायला एक जाणते गृहस्थ बरोबर आले. इंग्लंडच्या विंडसर राजवाड्यातल्या ग्रंथालयाच्या धर्तीवर केलेले येथले ग्रंथालय पाहिले. एका वेळी १०१ माणसे ज्यावर बसू शकतात ते जेवणाचे लांबच लांब मेज पाहिले. त्याच मेजावर २०१७ च्या नोव्हेंबरात पंतप्रधानांनी परदेशी पाहुण्यांना मेजवानी दिली होती. मग आम्ही गच्चीवर आलो. खाली सगळे हैदराबाद दिव्यांनी लखलखत होते आणि दूर चारमिनारही दिसत होता.

त्या गच्चीवर उभे असताना मनात जे आले ते लिहिणे प्राप्त आहे. आमचे आजोबा या राज्याचे प्रजाजन होते. काळ्या जमिनीतली ज्वारी आणि कापूस, त्यावरचा सारा, तो भरण्यासाठी काढलेले कर्ज, हे सारे त्यांच्या वाट्याचे राज्य. हा महाल ज्या राजधानीत उभा होता तिचाच अंमल आमच्या जिल्ह्याच्या जंगलांवर चालत असे. त्या जंगलांत गोंडांची जमीन आणि गुरेचराई यांवर निर्बंध आले तेव्हा कोमराम भीम उठला, आणि १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात गोळीला बळी पडला. आज आसिफाबाद जिल्हा त्याचे नाव लावतो. दिव्यांची ती झळाळी आणि डोंगरातला तो अंधार एकाच राज्यात, एकाच काळी होता. आम्हाला महालाचा राग आला असे नव्हे. ज्या हातांनी संगमरवर घडविला त्या कारागिरांचे कौशल्य त्यात आहे, आणि ते जपले गेले याचा आनंदच आहे. परंतु आजोबांना ज्या फाटकाच्या आत पाऊल टाकण्याची कल्पनाही सुचली नसती त्यातून आम्ही बग्गीतून आत आलो, आणि दरवानाने आम्हाला सलाम केला, ही गोष्ट लहान नाही. पूर्वी येथे यायला जन्म लागत असे, किंवा हुद्दा. आता पैसा लागतो. पैसा हाही एक दरवानच आहे. मात्र जन्मापेक्षा तो थोडा कमी हट्टी आहे, एवढे त्याच्या बाजूने म्हणता येईल.

रात्रीच्या जेवणाला वाढायला जो तरुण आला त्याने आमचे बोलणे थोडा वेळ ऐकले आणि मग तबक खाली ठेवीत, इकडेतिकडे पाहून विचारले, ‘काका, तुम्ही आदिलाबादकडले का?’ मुलगा बेला मंडलातला निघाला. आईबाप कापसाच्या शेतात आहेत, धाकटी बहीण शाळेत आहे, आणि हॉटेलचे शिक्षण घेऊन हा येथे लागला आहे. इंग्रजी, हिंदी, तेलुगू सफाईने बोलणारा तो मुलगा मराठी बोलू लागला तेव्हा त्याच्या अंगावरचा कडक इस्त्रीचा पोशाख क्षणभर सैल झाल्यासारखा वाटला.

‘गावाकडं पाऊस कसा झाला, काका? कापूस घरी आला का?’ त्याने विचारले.

आम्ही भाव सांगितला. त्यावर सौभाग्यवतींनी त्याला विचारले, ‘तुझं जेवण झालं का रे, बाबा?’

त्या दालनात या प्रश्नासाठी कोणी तयार नसावे. मुलगा हसला. ‘आमचं मागून असतंय, आजी. खाली आमची सोय हाय. तुम्ही जेवा निवांत.’

सौभाग्यवती जेवल्या, पण निवांत नव्हे. पन्नास वर्षे पाहुण्यांना वाढून झाल्यावर शेवटी स्वतःचे पान घेणाऱ्या बाईला ‘मागून’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्हाला जाग आली तेव्हा त्या पलंगावरची चादर झटकून, चारही कोपरे जुळवून घडी घालीत होत्या. ‘अगं, ती करायला माणसं येतील,’ आम्ही म्हणालो. ‘येतील ना,’ त्या म्हणाल्या, ‘पण ती येईल तिला एक तरी घडी तयार मिळू दे.’ आणि थोड्या वेळाने, जणू स्वतःशीच, ‘बरं वाटलं हो. पहाटे उठून चहाचं आधण ठेवायचं नाही, कोणाची आंघोळ राहिली ते पाहायचं नाही. माणसाला एकदा तरी असं पाहुणं होता यावं.’

वाचकहो, या एका वाक्याने आम्हाला जितका विचार करायला लावले तितका साऱ्या महालाने लावला नव्हता. आदिलाबाद हे वाटेवरचे गाव आहे. माहूरच्या रेणुकेला जाणारे, बासरच्या सरस्वतीपुढे मुलाला अक्षर गिरवायला नेणारे, केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेला येणारे, कुंतल्याचा धबधबा पाहणारे, नागपूर-हैदराबाद रस्त्यावर रात्री गाडी बिघडलेले, अशी माणसे आमच्या गावातल्या मराठी घरांत वर्षानुवर्षे उतरत आली. ‘अमुक अमुक यांचे घर म्हणजे अन्नछत्र’ अशी कीर्ती होत असे. कीर्ती घरधन्याच्या नावाने होई आणि चूल घरधनिणीच्या हाताने पेटे. पुरुषांनी ओसरीवर बसून ‘अहो, जेवल्याशिवाय जायचं नाही’ असा आग्रह करायचा आणि तो आग्रह माजघरातल्या कोणीतरी पिठाच्या डब्यात हात घालून पुरा करायचा, अशी ही कामाची वाटणी. अतिथीला देव मानणारा आपला समाज आहे याचा आपण अभिमान बाळगतो आणि तो योग्यच आहे. फक्त या देवाची पूजा घरातले कोण करीत होते, किती वाजता उठून करीत होते, आणि तिला स्वतःला कधी कोणाच्या घरी देव होता आले काय, याचा हिशेब आपल्या अभिमानात क्वचितच मांडला जातो.

या दृष्टीने पाहता हॉटेलाविरुद्ध सरसकट बोलणे अन्यायाचे होईल. हॉटेलात पाहुणचार विकत मिळतो हे खरे. परंतु तेथे चादर घालणाऱ्याला पगार मिळतो, सुटीचा दिवस मिळतो, आणि बेल्याचा एक मुलगा त्यावर बहिणीला शिकवितो. घरच्या पाहुणचारात ज्या हातांना हे काहीच मिळत नव्हते त्या हातांची मालकीण जर म्हणाली, ‘पाहुणे हॉटेलात उतरले तर बरं,’ तर तिला आतिथ्यशून्य कोण म्हणणार? त्यातून आजची घरे दोन खोल्यांची. सून कामावर जाते, मुलांच्या परीक्षा असतात, लिफ्टला रांग असते. अशा घरी चार माणसांनी वळकट्या घेऊन उतरावे, असा काळ राहिला नाही.

तरीही दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकल्याखेरीज निकाल देता येत नाही. ती बाजू आम्ही त्याच दिवशी दुपारी ऐकली. काचीगुड्याच्या बाजूला आमच्या चुलतभावाची पत्नी असते. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे धरलेले, पण स्मरणशक्ती तल्लख. तिच्याकडे आम्ही आधी कळवून भेटीस गेलो. दार उघडताच तिने तो जुना प्रश्न विचारला.

‘कुठे उतरलात, भावजी?’

आम्ही सांगितले. ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘चांगलं झालं. तुम्ही इथे उतरला असता तर सुनेला रजा काढावी लागली असती. तिची तारांबळ मला बघवली नसती.’ आणि सौभाग्यवतींचा हात हातात घेऊन पुढे म्हणाली, ‘पण एक सांगू का गं? या घरात कोणी उतरत नाही आता. त्यामुळे या घरात मराठी बोलायला कोणी येत नाही. नातू माझ्याशी हिंदीत बोलतो. त्याला कळतं सगळं, पण जिभेवर येत नाही. तुमचा बापू इथे शिकायला होता तेव्हा माझी पोरं त्याच्याशी भांडून भांडून मराठी शिकली.’

येथे, आमच्या मते, खरे नुकसान कोठे आहे ते दिसते. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांत मराठी टिकली ती काही केवळ शाळांमुळे किंवा मंडळांच्या गणेशोत्सवांमुळे नव्हे. ती टिकली पाहुण्यांमुळे. सुटीत आलेला मामेभाऊ, महिनाभर राहून गेलेली आत्या, परीक्षेसाठी उतरलेला गावचा मुलगा, यांच्याशी एका पंगतीत बसून, एका पांघरुणासाठी ओढाताण करून मुलांनी आपली भाषा उचलली. पुण्याची, वऱ्हाडाची, मराठवाड्याची आणि आमची एदलाबादी अशा चार मराठी एका माजघरात भेटत. सोयरिकीही तेथेच जुळत. कोणाची मुलगी कोणाच्या घरी चार दिवस राहून गेली, तिने काय केले, ती कशी हसली, हे पाहूनच एखादी मावशी मनात गाठ मारून ठेवीत असे. हॉटेलाच्या खोलीत या कशालाही जागा नाही. तेथे दार आतून बंद होते आणि बाहेर ‘व्यत्यय आणू नये’ अशी पाटी लटकते. आपली सारी आतिथ्यसंस्था त्या व्यत्ययावर उभी होती.

म्हणजे एका बाजूला गृहिणीची दमलेली पाठ आणि दुसऱ्या बाजूला नातवाच्या जिभेवर न येणारी भाषा, असा हा पेच आहे. यातली एक बाजू खोटी ठरविली तर उत्तर सोपे होते, पण दोन्ही खऱ्या आहेत. आम्ही त्या दुपारी तेथे जेवलो. साधा वरणभात, भरली वांगी आणि ताक. पाने सुनेच्या नवऱ्याने घेतली, वाढायला नातू उभा राहिला. त्याला आम्ही सांगितले, ‘बाळ, मीठ हवं का असं विचार बरं.’ त्याने विचारले. उच्चार जरा अडखळला, पण मीठ आले.

यावरून आम्हाला काही गोष्टी सुचतात, त्या वाचकांपुढे ठेवतो. पटतील तेवढ्या घ्याव्यात.

पहिली अशी की मोठ्या माणसांनी, विशेषतः चारपेक्षा अधिक असतील तर, खुशाल हॉटेलात, लॉजमध्ये किंवा धर्मशाळेत उतरावे, आणि ते आप्तांना आधीच सांगावे. लपवून उतरणे आणि नंतर कोणाकडून तरी कळणे यात जो डंख आहे तो उतरण्यात नाही. गाव सोडण्यापूर्वी एक जेवण मात्र आप्ताच्या घरी, कळवून, साधे आणि एकाच भाजीचे व्हावे. यजमानाने पक्वान्न करू नये आणि पाहुण्याने तसे स्पष्ट बजावावे.

दुसरी अशी की त्या जेवणात पुरुषांनी पाने मांडावीत आणि पाने उचलावीत. आग्रह करणाऱ्याने वाढायला उठावे. हे फार मोठे समाजसुधारणेचे काम नव्हे, परंतु याने आग्रहाला वजन येते.

तिसरी आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची अशी की मुलांना मात्र हॉटेलात उतरवू नये. सुटीत आठ दिवस नांदेडच्या मुलाने हैदराबादेला, हैदराबादच्याने आदिलाबादला, आदिलाबादच्याने किनवट-माहूरला कोणाच्या तरी घरी जाऊन राहावे. एका लहान मुलाला चादर लागते ती अर्धी आणि पोळी लागते ती एक. तेवढा पाहुणचार दोन खोल्यांच्या घरालाही झेपतो. बदल्यात त्या घराला एक मराठी बोलणारे, भांडणारे, रडणारे आणि हसणारे पोर आठ दिवस मिळते. हा व्यवहार दोघांच्याही फायद्याचा आहे.

आता हॉटेलात उतरणारांसाठी दोन व्यावहारिक सूचना, कारण बिल हातात आल्यावर आपली माणसे संकोचाने न वाचताच पैसे देतात. खोलीचे भाडे दिवसाला साडेसात हजार रुपयांहून अधिक असेल तर त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. सांगितलेले भाडे करासह आहे की कराविना, हे आरक्षण करतानाच विचारून घ्यावे. ‘सेवाशुल्क’ ही बाब कराहून वेगळी. ते बिलात परस्पर लावू नये अशा सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढल्या, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या ग्राह्य धरल्या. ते देणे न देणे पाहुण्याच्या खुशीवर आहे. कोठे सक्ती झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर सांगता येते. मात्र ज्याने प्रत्यक्ष वाढले, ज्याने ओझे उचलले, त्याच्या हातावर यथाशक्ति काही ठेवण्यात कंजुषी करू नये. कायद्याने वाचलेला पैसा गरिबाच्या हातून वाचविण्याचे कारण नाही.

तसेच अशा ऐतिहासिक शहरात उतरल्यावर फक्त खोली आणि जेवण एवढेच पाहून परत येऊ नये. महाल कोणी बांधला, कोणाच्या पैशाने बांधला, त्याच वेळी आपल्या गावात काय चालले होते, हे मुलांना सांगावे. फलकनुमा पाहणाऱ्याने शेखपेठेची सरायही पाहावी. उंटांच्या तबेल्याजवळ उभे राहिले की फुकट मिळणाऱ्या आडोशाची किंमत कळते. आणि जमल्यास जोडेघाटलाही एकदा जाऊन यावे. आपल्याच जिल्ह्यातली ती वाट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली नाही.

आम्ही परत आल्यावर मुलांचा दूरध्वनी आला. ‘आई, आवडलं का?’ सौभाग्यवतींनी गुलाबपाकळ्यांचे सांगितले, बग्गीचे सांगितले, १०१ माणसांच्या मेजाचे सांगितले. मग म्हणाल्या, ‘पुढच्या वेळी एवढा खर्च करू नका. उन्हाळ्यात नातीला इकडे पाठवा. आणि वहिनींच्या नातवालाही मी इकडेच बोलावलंय.’

त्या मुलाच्या आईने त्याचे नागपूरकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीचे तिकीट काढल्याचे कालच कळविले आहे. गाद्यांना ऊन दाखवायला आम्ही आजपासून सुरुवात केली आहे. या वेळी गाद्या उचलण्याचे काम आमच्याकडे आहे.